‘पिक् अप्’ आणि आपलें ‘उचलणें’

परभाषा शिकणाराला मोठे शब्द फारसे छळीत नाहींत. लांबलचक, भारदस्त शब्द समोर आला, कीं आपण सावध होतों. कोश उघडतों, त्याचा एकच अर्थ सांपडतो, तो पाठ करतों आणि काम भागतें. छळतात ते लहान शब्द. ‘गेट्’, ‘पुट्’, ‘टेक्’, ‘पिक्’ हीं बोटभर क्रियापदें, आणि त्यांच्या पाठोपाठ येणारीं ‘अप्’, ‘ऑफ्’, ‘आउट्’, ‘ऑन्’ हीं त्यांहूनही चिमुकलीं अव्ययें! दोन्ही निरनिराळीं घेतलीं, तर लहान मुलालाही येतात. एकत्र आलीं, कीं पदवीधरालाही चकवितात. उभा जन्म मुलांना इंग्रजी शिकविण्यांत घालविल्यावर माझें असें मत झालें आहे, कीं कठीण कवितेनें जितके विद्यार्थी नामोहरम होत नाहींत, तितके ह्या जोडक्रियापदांनीं होतात. आणि ह्यांतला खरा दुःखाचा भाग असा, कीं गुंतागुंत शब्दाची असते, पण मूल ती आपल्या बुद्धीची उणीव समजून बसतें.

उदाहरणासाठीं एकच जोडी घेऊं: ‘पिक् अप्’. ही जोडी आपल्याला परकी आहे, असें मात्र कोणी समजूं नये. सोयाबीनच्या नाहीं तर तुरीच्या हंगामांत वाशीमच्या बाजार समितीच्या आवाराबाहेर घटकाभर उभें राहावें. ‘पिकप आला का?’, ‘पिकप भरून निघाला’, ‘दोन पिकप लागतील’ असे उद्गार कानांवर पडल्यावांचून राहावयाचे नाहींत. येथें ‘पिकप’ म्हणजे मागें उघडा हौदा असलेली लहान मालमोटर. तेथून चार पावलें पुढें दुरुस्तीच्या दुकानांत एखादा तरुण आपल्या मोटारसायकलविषयीं तक्रार करीत असतो, ‘गाडीला पिकप नाहीं’. म्हणजे ती झटकन वेग घेत नाहीं. महाराष्ट्रांत कित्येक ठिकाणीं एस्. टी.ची वाट पाहावयाच्या निवाऱ्याला ‘पिकप शेड’ म्हणतात. ह्यांपैकीं कोणालाही आपण इंग्रजी बोलत आहों, असें वाटत नाहीं. शब्द रस्त्यानें आला. शाळेच्या दारानें आला नाहीं. म्हणून त्याची भीति वाटली नाहीं.

भीति वाटते ती तोच शब्द वहींत आल्यावर. आमच्या थोरल्या बंधूंची नात मालेगांव तालुक्यांतील एका खेड्यांत मराठी शाळेंत शिकली. मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी शिकविण्याचा प्रघात आपल्या राज्यांत २००० सालीं सुरू झाला, त्यामुळें बारा वर्षें तिनें इंग्रजी ‘घेतलें’ होतें. मुलगी हुशार. आजोबांच्या शेवटच्या आजारांत तिनें कित्येक रात्री त्यांच्या उशाशीं जागून काढल्या, आणि तेव्हांच परिचारिका व्हावयाचें असें तिनें मनाशीं ठरविलें. त्या शिक्षणाची तयारी करण्यासाठीं ती वाशीमला आमच्या घरीं येऊन राहिली. जीवशास्त्र तिला सोपें जात असे. हाडांचीं आणि स्नायूंचीं अवघड नांवें ती खेळतां खेळतां पाठ करी. परंतु पुढचें सर्व शिक्षण इंग्रजींत, ह्या विचारानें तिची झोप उडाली. तिच्या वहींत ‘पिक् अप्’पुढें अनुक्रमांक घालून अकरा अर्थ लिहिलेले होते. ते तिला रात्रीं येत आणि सकाळीं जात. शेवटीं एके दिवशीं ती आमच्या वहिनींना म्हणाली, “आजी, मला हें जमणार नाहीं. मी गांवीं परत जातें आणि घरीं बसून बी. ए. करतें.”

त्याच आठवड्यांत तिच्या मोबाईलवर शहरांतील एका विद्यालयाचा संदेश आला. संध्याकाळच्या गाडीनें येणाऱ्या मुलींना ‘स्टेशनवरून पिक् अप् केलें जाईल’, असें त्यांत इंग्रजींत लिहिलें होतें. वहिनींनीं कोश काढावयास लावला. त्यांत पहिलाच अर्थ, ‘उचलणें’. वहिनी एकदम उठून माझ्या खोलीच्या दाराशीं आल्या. “भाऊजी, हें कसलें हो विद्यालय? स्टेशनवरून पोरीला उचलणार म्हणतात! मी नाहीं धाडत तिला.”

मी हंसलों, पण वहिनींचें म्हणणें अगदींच चुकीचें नव्हतें. मराठींत मुलीला ‘उचलली’ म्हटलें, कीं ऐकणाराच्या काळजांत धस्स होतें. ‘पोलिसांनीं उचललें’ हें तर आपण वर्तमानपत्रांत नेहमीं वाचतों. आणि गंमत अशी, कीं त्या अर्थीं इंग्रज लोकही ‘पिक् अप्’च म्हणतात. म्हणजे वहिनींना जो अर्थ सुचला तो त्या शब्दांत आहेच. फक्त ह्या वाक्यांत नाहीं. गाडी घेऊन कोणी तरी येईल आणि तुम्हांला वाटेंत बरोबर घेईल, एवढाच येथील भाव. ‘उचलणें’ नव्हे, ‘घ्यायला येणें’.

त्या रात्रीं मी नातीला घेऊन बसलों आणि तिचे अकरा अर्थ बाजूला ठेवावयास सांगितले. एखाद्या शब्दाचे अकरा अर्थ असूं शकत नाहींत असें नव्हे, पण ते आकाशांतून अकरा ठिकाणीं पडलेले नसतात. एकाच खोडाला फुटलेल्या त्या फांद्या असतात. खोड सांपडलें, कीं फांद्या मोजाव्या लागत नाहींत.

येथील खोड अगदीं साधें आहे: खालून वर, आणि बाहेरून आपल्याकडे. जमिनीवर पडलेली किल्ली आपण हातांत घेतों, ती पहिली फांदी. वाटेंत थांबून माणूस किंवा सामान बरोबर घेतों, ती दुसरी. घंटा वाजूं लागतांच फोन हातीं घेतों, ती तिसरी. रेडिओ दूरच्या केंद्राचा क्षीण ध्वनि ग्रहण करतो, ती चौथी. कोणी न शिकवितां एखादी भाषा किंवा लकब आपल्या अंगीं बाणते, ती पांचवी. न बोलावितां खोकला किंवा ताप अंगाला जडतो, ती सहावी. अर्धवट राहिलेल्या गोष्टीचा धागा आपण पुन्हां हातीं धरतों, ती सातवी. ह्या सर्व ठिकाणीं कांहीं तरी बाहेरचें आपल्याकडे येतें. आणि आठव्या फांदीवर हें कर्मच गळून पडतें. धंदा मंदावला होता, तो पुन्हां वर येऊं लागला; रोगी खंगला होता, तो सुधारूं लागला. येथें उचलावयाचें कोणालाच कांहीं नसतें. कर्ता स्वतःच वर चढतो.

म्हणून मीं तिला एक ढोबळ नियम करून दिला. वाक्यांत कर्म असेल, तर कर्म कर्त्याकडे येतें. कर्म नसेल, तर कर्ता स्वतः वर जातो. हा नियम शंभरांत शंभर वेळां लागू पडेल असें नाहीं. भाषेच्या नियमांकडून तेवढी अपेक्षा करूंही नये. परंतु परिचारिका होऊं इच्छिणाऱ्या मुलीला तो किती उपयोगी आहे, पाहा. रुग्णालयांत डॉक्टर म्हणतात, ‘रोगी पिक् अप् करीत आहे’. अर्थ असा, कीं त्याची प्रकृति सुधारत आहे. तेच डॉक्टर दुसऱ्या खाटेकडे बोट दाखवून म्हणतात, ‘ह्या रोग्यानें इन्फेक्शन् पिक् अप् केलें आहे’. अर्थ असा, कीं त्याला नवा संसर्ग जडला आहे. जोडी तीच, परंतु पहिल्या वाक्यांत घरच्यांना पेढे वाटावेसे वाटतील, दुसऱ्यांत देव पाण्यांत ठेवावे लागतील. अकरा अर्थ पाठ असलेली मुलगी येथें क्षणभर गोंधळेल. वाक्यांत कर्म आहे कीं नाहीं, हें पाहावयाची सवय असलेली मुलगी गोंधळणार नाहीं.

ह्यापुढचें काम मीं तिच्याकडूनच करून घेतलें. आपलें ‘उचलणें’ कोठें कोठें जातें, तें लिहून काढ, असें सांगितलें. ती लिहूं लागली आणि वहिनीही भर घालूं लागल्या. फोन उचलणें, लग्नाचा खर्च उचलणें, जबाबदारी उचलणें, गाण्याची चाल उचलणें, पाऊल उचलणें, विडा उचलणें, हात उचलणें, एखाद्याचें म्हणणें उचलून धरणें, नोकराची उचलबांगडी करणें, मजुरानें मालकाकडून उचल घेणें. आणि ‘उचलली जीभ, लावली टाळ्याला’ ही म्हण तर वहिनींच्या तोंडीं दिवसांतून एकदां असतेच! दहा मिनिटांत पान भरलें. मग मीं विचारलें, “हे इतके अर्थ तुला कोणी आणि कोणत्या इयत्तेंत शिकविले?” ती नुसती पाहतच राहिली.

दोन्ही याद्या शेजारीं ठेवल्या, तेव्हां कौतुक वाटण्यासारखी गोष्ट दिसली. फोन, खर्च, चाल आणि पोलीस ह्या चार ठिकाणीं मराठी आणि इंग्रजी हातांत हात घालून चालतात. परंतु विडा, पाऊल आणि मजुराची उचल हीं आपलीं आपण. तेथें इंग्रजाला दुसरा शब्द शोधावा लागतो. उलट, आजार आपल्याकडे ‘जडतो’, वेग ‘घेतला’ जातो, भाव ‘वधारतो’, प्रकृति ‘सुधारते’, रेडिओवर केंद्र ‘लागतें’. एका ‘पिक् अप्’ला आपण पांच निरनिराळीं क्रियापदें वापरतों. ह्यांत कोणतीही भाषा श्रीमंत किंवा दरिद्री ठरत नाहीं. प्रत्येकीनें आपल्या घरांतलीं भांडीं निराळ्या फळ्यांवर मांडलीं आहेत, इतकेंच.

कोणी विचारील, कीं क्रियापदाच्या मागें दुसरा शब्द लावून अर्थ पालटण्याची ही खोड इंग्रजीचीच ना? तसें मुळींच नाहीं. ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ ह्यांत जो फरक, तोच इंग्रजींतील नुसत्या ‘ईट्’ आणि ‘ईट् अप्’ ह्यांत आहे. ‘पिऊन टाक’, ‘फाडून टाक’, ‘संपवून टाक’ ह्या प्रत्येक ठिकाणीं ‘टाकणें’ हें कांहींच टाकीत नाहीं. क्रिया पुरी झाली, एवढेंच तें सांगतें. ‘बोलून बसला’ हा माणूस उभाही असूं शकतो. ‘विसरून गेला’ तो कोठेंच गेलेला नसतो. आमच्या वऱ्हाडी बोलींत ‘काय करून राह्यला?’ असें विचारतात, तेव्हां पुण्याकडील पाहुणे कांहीं वेळ विचारांत पडतात. पण तेथें ‘राहणें’ म्हणजे वस्ती करणें नव्हे, क्रिया चालू आहे एवढेंच. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला ह्या ‘टाकण्या-बसण्या-जाण्या’नें किती घाम फुटत असेल, ह्याची कल्पना केली, म्हणजे आपल्या मुलांना ‘अप्’ आणि ‘ऑफ्’नें घाम फुटतो, ह्याचें नवल वाटत नाहीं.

संस्कृताशीं ज्यांचा थोडाबहुत परिचय आहे, त्यांना तर ही वाट पायाखालचीच आहे. एक ‘हृ’ धातु घ्यावा. त्याला ‘आ’ लागला, कीं जेवण. ‘वि’ लागला, कीं क्रीडा. ‘प्र’ लागला, कीं घाव. ‘उप’ लागला, कीं भेटवस्तु. धातु बिचारा तोच. उपसर्ग त्याला हाताला धरून पाहिजे तेथें नेतो. ह्याच धातूला ‘उद्’, म्हणजे वर, हा उपसर्ग लागला, कीं ‘उद्धरणें’. हा तर शब्दशः इंग्रजी ‘पिक् अप्’चा भाऊ! पण तोही किती वाटांनीं गेला आहे, पाहा. बुडत्याला वर काढणें हाही उद्धार. दुसऱ्याच्या ग्रंथांतून वाक्य उचलून घेणें हेंही उद्धृत करणें. आणि आपल्याकडे भांडण विकोपाला गेलें, म्हणजे आईबापांचाही ‘उद्धार’ होतो!

फरक एवढाच, कीं संस्कृतांत हा सोबती धातूच्या पुढें चिकटून बसतो, तर इंग्रजींत तो मागून येतो आणि मधें जागाही सोडतो. ‘पिक् इट् अप्’ असें म्हणतांना ‘तें’ ह्या अर्थाचा शब्द दोघांच्या मध्यें येऊन बसतो. आमच्या नातीला हें फार चमत्कारिक वाटे. परंतु वेदांच्या भाषेंत उपसर्ग धातूपासून सुटे, दूर उभे राहत आणि कधीं कधीं मागूनही येत. पाणिनीनें आपल्या अष्टाध्यायींत ह्याची मुद्दाम नोंद केली आहे. जें आपल्या पूर्वजांच्या मुखीं होतें, तें आपल्याला अगम्य कसें असेल?

ही अडचण केवळ आपल्या मुलांची आहे, असेंही नाहीं. चीनमधील विद्यार्थी इंग्रजी शिकतांना ह्याच काट्यांत अडकतात. लिआओ आणि फुकुया ह्या दोन संशोधकांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें आढळलें, कीं मध्यम तयारीचे चिनी विद्यार्थी अशा जोडक्रियापदांना टाळून त्याच अर्थाचें एकेरी क्रियापद वापरणें पसंत करतात. तयारी वाढते, तसतशी ही टाळाटाळ कमी होते. चिनी भाषेंतही क्रियापदाच्या मागें सोबती लावण्याची सोय आहेच. ‘छीलाय’ म्हणजे वर येणें. तें ‘उभें राहणें’ ह्यामागें लागलें, तर उठून उभें राहणें. ‘हंसणें’ ह्यामागें लागलें, तर हंसूं लागणें. ‘विचार करणें’ ह्यामागें लागलें, तर आठवणें! शिवाय ‘ज्ये’ हें एकच चिनी क्रियापद माणसाला घ्यायला जाण्यालाही चालतें आणि फोन घेण्यालाही चालतें. ‘पिक् अप्’च्या दोन फांद्या तेथें एकाच शब्दावर आहेत. इतकें असूनही विद्यार्थी बिचकतात. ह्यावरून मला असें वाटतें, कीं मातृभाषेंत सोय असून भागत नाहीं. ती सोय कोणी तरी प्रेमानें दाखवून द्यावी लागते.

आणि दोन भाषांचा संसार वाशीमकरांना कांहीं आजचा नवा नाहीं. हें गांव म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. येथून दिलेला विंध्यशक्ति दुसरा ह्या राजाचा, चौथ्या शतकांतला ताम्रपट उपलब्ध आहे. त्यांत राजाची वंशावळ संस्कृतांत आहे आणि दानाचा प्रत्यक्ष व्यवहार प्राकृतांत. मानाची भाषा एक आणि कामाची दुसरी, पण दोघी एकाच ताम्रपटावर सुखानें नांदल्या. पुढें राजशेखरानें आपल्या काव्यमीमांसेंत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या ह्यांचा विवाह लावून दिला, तोही ह्याच वत्सगुल्म नगरांत. आज आमच्या जिल्ह्यांत मानोरा तालुक्यांतील पोहरादेवीच्या परिसरांत बंजारा घरांतलीं मुलें घरीं गोरमाटी बोलतात, शाळेंत मराठी शिकतात, बाजारांत हिंदी समजतात. त्यांतलें निम्में त्यांना कोणी शिकविलेलें नसतें. तें त्यांनीं उचललेलें असतें; इंग्रजींत सांगावयाचें तर, ‘पिक् अप्’ केलेलें असतें.

आतां घरांतल्या वडीलधाऱ्यांसाठीं दोन शब्द. मुलांना ह्या जोडक्रियापदांच्या याद्या पाठ करावयास लावूं नका. शब्द एकटा लिहूं नये. त्याचें वाक्य लिहावें. माणसाची ओळख जशी त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांवरून पटते, तशी शब्दाची ओळख त्याच्या शेजाऱ्यांवरून पटते. वाक्य लिहिल्यावर तें घरांत ज्या मराठींत बोलतों, त्या मराठींत उतरवावें, आणि दुसऱ्या दिवशीं मूळ न पाहतां पुन्हां इंग्रजींत करावें. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या ‘भाषांतर पाठमाले’वर आपल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. आज त्या पद्धतीला जुनाट म्हणतात, आणि तिच्यांत उणिवा आहेतही. परंतु मराठीला दाराबाहेर उभें करून इंग्रजीला घरांत घेण्याचें पाप तिनें केलें नाहीं. आणखी एक. मुलाची आजी, आई, काकू ह्यांना इंग्रजी येत नाहीं म्हणून त्यांना ह्या अभ्यासांतून वगळूं नये. मराठी क्रियापदांचें भांडार त्यांच्याजवळ आहे. आमच्या वहिनींनीं ‘उचलणें’ ह्याचे जितके उपयोग त्या रात्रीं सांगितले, तितके मला एकट्याला सुचले नसते.

नात शेवटीं त्या विद्यालयांत गेली. विद्यालयाची गाडी तिला स्टेशनवर घ्यायला आली होती. सोबत जाण्याचा हट्ट धरून वहिनीही त्याच गाडींत बसल्या, आणि सर्व कांहीं डोळ्यांनीं पाहूनच परतल्या. आतां ती दुसऱ्या वर्षाला आहे. इंग्रजी अजून अडखळत बोलते. पण सोडून यावें, असें म्हणत नाहीं. मागच्या महिन्यांत तिनें फोनवर सांगितलें, कीं एकाच सकाळीं वॉर्डांत तिनें तो शब्द दोन्ही अर्थांनीं ऐकला आणि मनांत भाषांतर करावें लागलें नाहीं. त्यावर वहिनींनीं एवढेंच विचारलें, “पण तो दुसरा रोगी बरा झाला कीं नाहीं?” तो बरा झाला होता.

वहिनींचा प्रश्न मला फार योग्य वाटला. शब्दांचे अर्थ लावावयाचे ते अखेर माणसांसाठीं. आपल्या घरांतून पुढें जाणाऱ्या मुलामुलींना परभाषा हवीच आहे, आणि ती त्यांना येईलही. मात्र ‘तुला कांहीं येत नाहीं’ ह्या वाक्यानें तिचा आरंभ होऊं नये; ‘तुला पुष्कळ येतें, आतां त्याच्या शेजारीं हें ठेव’, ह्या वाक्यानें व्हावा.